गॉलचा किल्ला कसा पाहावा?

श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावरील गॉल आपल्याला क्रिकेटच्या मैदानामुळे ठाऊक असते; परंतु त्या मैदानालगतच्या तटाआड डच वसाहतीच्या काळातले एक अख्खे शहर आजही नांदते आहे. मे ते सप्टेंबरचा पावसाळा टाळावा आणि कोलंबोहून आगगाडीने निघताना उजवीकडची खिडकी धरावी, म्हणजे बराच वेळ समुद्र सोबतीला राहतो.

इंग्रजांनी १८७३ मध्ये तट फोडून केलेल्या रुंद दरवाजाऐवजी बंदराकडील जुन्या दरवाजाने आत शिरावे. त्याच्या बाहेरच्या बाजूस ब्रिटिश राजचिन्ह आहे, तर आतल्या बाजूस डच ईस्ट इंडिया कंपनीचे १६६९ सालचे चिन्ह, दोन सिंह आणि वर कोंबडा असे कोरलेले आहे. पोर्तुगीजांचे हे ठाणे डचांनी १६४० मध्ये जिंकले आणि १७९६ मध्ये ते इंग्रजांच्या हाती गेले.

आत गेल्यावर दुकानांचा मोह आवरून आधी तटावर चढावे, कारण या शहराची मांडणी तटावरूनच उलगडते. तीन बाजूंना समुद्र असल्यामुळे खुष्कीच्या बाजूस तारा, चंद्र आणि सूर्य अशा नावांचे तीन भक्कम बुरूज डचांनी उभारले. गडकोट पाहण्याची सवय असलेल्यांनी येथे घाई करू नये. २००४ च्या त्सुनामीत बाहेरच्या वस्तीची आणि मैदानाची दुर्दशा झाली, मात्र याच तटामुळे आतले शहर बरेचसे बचावले. पश्चिमेकडून दक्षिण टोकाला वळसा घालून १९३९ च्या दीपगृहापाशी खाली उतरावे.

गल्ल्यांमध्ये १७५५ चे डच चर्च चुकवू नये. त्याच्या जमिनीत बसवलेल्या थडग्यांच्या शिळा सावकाश पाहाव्यात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोलंबोचे नवे बंदर झाले, जहाजांची ये-जा तिकडे वळली आणि नव्या बांधकामांचा रेटा गॉलवर आला नाही. माझ्या मते हे शहर टिकण्याचे हे मोठे कारण आहे. १९८८ पासून ते जागतिक वारसा यादीत आहे. मराठ्यांनी १७३९ मध्ये जिंकलेल्या वसईच्या किल्ल्यात आज पोर्तुगीज शहराचे भग्नावशेष उरले आहेत, येथे मात्र कुटुंबे राहतात. म्हणून उघड्या दारातून छायाचित्र घेण्यापूर्वी घरच्यांना विचारावे.

चिनी, तमिळ आणि फारसी अशा तीन भाषांतील १४०९ सालचा शिलालेख गॉलमध्येच सापडला, परंतु तो कोलंबोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्यासाठी परतीच्या प्रवासात वेळ राखून ठेवावा.