कुत्र्याचं पिल्लू घाबरून पलंगाखालून बाहेरच येत नाही?

मग त्याला ओढून काढू नका. तिथे आपल्यापर्यंत कुणाचा हात येत नाही, याची खात्री पटली की ते आपणहून बाहेर येतं. तिथेच जुनी चादर अंथरा, जवळ पाणी ठेवा.

तुम्ही थोडं लांब, त्याच्याकडे टक लावून न बघता, जमिनीवर बसा. उकडलेल्या चिकनचे किंवा पनीरचे शेंगदाण्याएवढे तुकडे करा. पहिला त्याच्या पायाशी, पुढचा वीतभर अलीकडे. ते जवळ आलं की एक तुकडा मुद्दाम त्याच्या मागे टाका. मागे फिरायची मुभा आहे हे कळलं की पुढच्या वेळी ते जास्त जवळ येतं. डोक्यावरून हात फिरवायची घाई नको, आधी छातीशी खाजवा.

कुकरच्या शिट्टीला दचकत असेल तर ती मोबाइलवर रेकॉर्ड करून अगदी हळू वाजवा आणि लगेच खाऊ द्या. जिभल्या चाटणं, जांभया, शेपूट पायात घेणं दिसलं तर आवाज आणखी कमी करा.

घाबरलेल्याला जवळ घेतलं तर ते भित्रं होतं, असं शेजारीपाजारी सांगतील. खुशाल घ्या, फक्त ते स्वतःहून आलं तर. साधारण ३ ते १४ आठवड्यांचं वय नव्या गोष्टी स्वीकारायला सर्वात सोपं. लसी पूर्ण नसतील तर कडेवर घेऊन गॅलरीतून रस्ता दाखवा. दिवसभर खाल्लंच नाही तर मात्र डॉक्टरांना दाखवा.