मुरमाच्या मैदानावर मुलींचा फुटबॉल कसा सुरू करावा

अंबाजोगाई तालुक्यात मी शाळेत पीटी घेते. जूनमध्ये नव्या पोरी आल्या की आधी फुटबॉलपटू मार्ताचं गाव सांगते. ब्राझीलमधलं दोईस रियाशोस, आपल्यासारखंच दुष्काळी. मार्ताचा जन्म १९८६ चा. गावात पोरांतच खेळली, आणि १४ व्या वर्षी तीन दिवस बसमध्ये काढून रिओला गेली.

काळ्या रानात खेळू नका. उन्हाळ्यात भेगा, पावसात चिखल. मुरमाची जागा बघा, खडे पोरींकडूनच वेचून घ्या. खिळ्यांचे महागडे बूट नकोत, कॅनव्हासचे पुरतात. १२ वर्षांखाली ४ नंबरचा बॉल, पुढं ५ नंबरचा. हवा जरा कमीच भरा, नाहीतर मुरमावर टप्पा हनुवटीपर्यंत येतो.

पहिला महिना फक्त बॉल थांबवायला शिकवा. गोल मारायची घाई सगळ्यांनाच असते, पण पाय ताठ ठेवला की बॉल चार हात लांब जातो. पाडाचा आंबा झेलताना हात आपोआप मागं येतो ना, तसा पाय मागं घ्यायचा. शाळेच्या भिंतीपासून पाच पावलांवर उभं करा. उजव्यानं ५०, डाव्यानं ५०. डाव्याचे चुकवू देऊ नका.

मग मोबाईलवर २००७ च्या विश्वचषकातला उपांत्य सामना दाखवा, ब्राझील विरुद्ध अमेरिका. मार्ताची गोलकडं पाठ आहे. ती बॉल बचावपटूच्या एका बाजूनं काढते, स्वतः दुसऱ्या बाजूनं वळते आणि गोल मारते. तीनदा लावा, आणि तिन्ही वेळा पोरींना तिचा फक्त पहिला स्पर्श बघायला सांगा.

घरचे नाही म्हणतात. मागच्या वर्षी एका पोरीची आजी म्हणाली, "म्याडम, पाय मोडला तर लग्न कसं व्हावं?" मी सांगितलं, ब्राझीलात तर १९४१ पासून १९७९ पर्यंत बायांना फुटबॉलची कायद्यानंच बंदी होती. त्याच देशातली मार्ता सहा वेळा जगातली सर्वोत्तम खेळाडू ठरली. २०२४ मध्ये ३८ व्या वर्षी कप्तान म्हणून ऑर्लँडो प्राइड क्लबला अमेरिकेची लीग जिंकून दिली. आजी गप्प बसली, पण दुसऱ्या दिवशी पोरगी सात वाजता मैदानावर होती.

दिवाळीनंतर काही पोरी आईबापासंग ऊसतोडीला जातात. त्यांचं नाव यादीतून काढू नका. बॉलमधली हवा सोडा, गाठोड्यात बसतो. सोबत पंप आणि पिन द्या. तिथं कोपीपुढं, म्हणजे झोपडीपुढं, भिंत नसते, म्हणून धाकट्या भावाला पाच पावलांवर उभं करायला सांगा. उजव्यानं ५०, डाव्यानं ५०.