युगांडाच्या खेड्यात मिशन ट्रिप: तरुण संघांनो, या चुका टाळा

फेब्रुवारी उजाडला की तरुण संघांचे फोन सुरू होतात. "दादा, मे महिन्यात आफ्रिकेला जायचंय, दहा दिवस. काय काय न्यायचं?" खरं तर हा प्रश्न सगळ्यात शेवटी यायला हवा, पण तोच आधी विचारला जातो. गेली बरीच वर्षं मी आपल्याकडच्या मंडळ्यांच्या टीम पूर्व युगांडात, बुसोगा भागातल्या खेड्यांत पाठवायला मदत करतो. पुष्कळदा सोबतही जातो. त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा बघतो आहे. त्यांची किंमत आपल्याला सहसा मोजावी लागत नाही, ज्यांच्या घरी आपण उतरतो ते मोजतात. म्हणून हे लिहायला बसलो.

मे महिना

मे निवडला जातो, कारण परीक्षा संपलेल्या असतात आणि रजा मिळते. तिथे मात्र मार्च ते मे हा मोठा पावसाळा. मुरमाच्या लाल रस्त्यांवर गाड्या रुततात आणि अर्धा दिवस ढकलण्यात जातो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ते शेतीचे दिवस असतात. मका, भुईमूग, सोयाबीनच्या खुरपण्या चालू असतात आणि आपल्या सभेला बसलेली प्रत्येक बाई शेतातलं काम टाकून आलेली असते. यजमान पाळक "येऊ नका" असं कधीच म्हणणार नाहीत, ते त्यांच्या रीतीत बसत नाही. म्हणून विचारताना "मे चालेल का?" असं विचारू नका, "तुम्हाला कोणता महिना सोयीचा?" असं विचारा. उत्तर बहुतेक वेळा जानेवारी किंवा जुलै येतं. ज्यांना त्या महिन्यात रजा मिळत नाही त्यांनी त्या वर्षी जाऊ नये. मी हे तोंडावर सांगतो आणि काही जण नाराज होतात.

ज्यांनी कधी ऐकलंच नाही असे लोक

निरोपाच्या उपासनेत हमखास प्रार्थना होते: ज्यांनी येशूचं नाव कधी ऐकलं नाही अशा लोकांकडे आमची मुलं जात आहेत. युगांडात दर शंभरातली ऐंशीहून जास्त माणसं ख्रिस्ती आहेत. अँग्लिकन मिशनरी तिथे १८७७ साली पोचले, कॅथलिक १८७९ साली. ३ जून १८८६ रोजी नामुगोंगो इथे राजा म्वांगाच्या हुकुमाने तरुण ख्रिस्ती सेवकांना जिवंत जाळलं. त्यातले बरेच जण आपल्या तरुण संघातल्या मुलांच्याच वयाचे होते. आर्चबिशप जनानी लुवुम यांना हुकूमशहा इदी अमीनच्या राजवटीत १९७७ साली मारलं गेलं. ही साक्ष ज्या मंडळीच्या मागे आहे, तिच्यापुढे उभं राहून वीस वर्षांचा मुलगा "आम्ही तुमच्यासाठी प्रकाश घेऊन आलो" असं म्हणतो तेव्हा पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्या आजी शांतपणे ऐकून घेतात. मला मात्र तिथे बसवत नाही.

बुसोगातच १८८५ साली बिशप हॅनिंग्टन यांचा खून झाला. त्या प्रवासात त्यांच्यासोबत विल्यम जोन्स नावाचे आफ्रिकी सेवक होते आणि ते वाढले होते आपल्या नाशिकच्या शरणपूरला. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं तिथल्या मिशनमध्ये शिकत. त्यातली कितीतरी पुढे केनियातल्या मोंबासाजवळच्या फ्रीअरटाउनला गेली आणि पूर्व आफ्रिकेतल्या मंडळीच्या पायाभरणीत राबली. आपलं आणि त्यांचं नातं असं जुनं आहे. टीम निघण्याआधी मी हा इतिहास एका संध्याकाळी नीट सांगतो. ज्याला त्या संध्याकाळी वेळ नसतो, त्याचं तिकीट मी काढत नाही.

दुसरी बाजूही माहीत असावी. रेल्वे बांधायला १८९६ ते १९०१ या काळात सुमारे ३२ हजार भारतीय मजूर पूर्व आफ्रिकेत नेले गेले. पुढे दुकानदारी, कापूस, साखर यांत भारतीयांनी जम बसवला आणि १९७२ साली अमीनने त्यांना ९० दिवसांत देशाबाहेर काढलं. गावातल्या वयस्कर माणसांना भारतीय म्हटलं की दुकानदार किंवा कारखान्याचा मालक आठवतो. पोरं रस्त्यावर "मुहिंदी, मुहिंदी" (म्हणजे भारतीय) म्हणून हाका मारतात, त्यात अपमान शोधत बसू नका. हात जोडा, हसा, पुढे चला.

हापसा

आता माझ्या जिव्हाळ्याची चूक.

एका शहरातल्या मंडळीने, नाव मुद्दाम देत नाही, दोन नाताळांचं अर्पण साठवून बुसोगातल्या एका खेड्यात बोअर मारला आणि हापसा बसवला. उद्घाटनाला तरुण संघाची टीम गेली. फीत कापली, फोटो काढले, मराठी आणि इंग्रजीत मंडळीचं नाव असलेली संगमरवरी पाटी लावली. पुढच्या वर्षी दुसऱ्या टीमसोबत मी त्या गावी गेलो तर पाटी स्वच्छ होती, हापशाचा दांडा मात्र काढून ठेवलेला. पिवळे जेरीकॅन घेऊन बाया खालच्या झऱ्यावर रांगेत उभ्या होत्या.

त्या हापशापासून हाकेच्या अंतरावर आधीचा एक हापसा होता. तो नवा बोअर मारण्याआधीच बंद पडला होता, म्हणून तर टीमच्या पुढाऱ्याला "गावात पाणी नाही" असं वाटलं होतं. तालुक्याच्या हापसा मिस्त्रीला बोलावून मी तो उघडवला. त्याने सिलिंडर वर घेतला आणि आतलं वायसर हातावर ठेवलं. कडा झिजून कागदासारखी झालेली. बाकी पाइप, साखळी, बेअरिंग सगळं धड. एवढंसं वायसर बदललं असतं तर नव्या बोअरचा एक पैसाही लागला नसता.

खरं दुखणं पाणी समितीच्या वहीत होतं. तिथे प्रत्येक पाणवठ्याची समिती असते, घरटी महिन्याला थोडे शिलिंग जमतात आणि त्यातून दुरुस्ती होते. खजिनदार मावशींनी शाळकरी वही आणून दाखवली. पेन्सिलने आखलेले रकाने, नावं, रकमा, काहींपुढे अंगठे. ज्या महिन्यात आपला हापसा बसला त्या महिन्यानंतरची पानं कोरी. मी कारण विचारलं तेव्हा दुभाष्यामार्फत त्या म्हणाल्या, "लोक म्हणाले, हापसा भारतातल्या लोकांचा आहे, बिघडला तर तेच येऊन नीट करतील. मग पैसे कुणी देईना." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, हे मला जास्त लागलं. वर्षानुवर्षं घरोघर फिरून त्यांनी बसवलेली घडी आपल्या दानाने मोडली होती. जुना हापसा दुरुस्त करायला पैसे उरले नाहीत आणि नवा बंद पडला तेव्हा त्यालाही नाहीत.

मराठी माणसाने तर ही चूक करूच नये, कारण हा हापसा आपल्या मातीतला आहे. साठच्या दशकातल्या दुष्काळांत कठीण खडकात बोअर मारले गेले, पण वरचे बिडाचे पंप सारखे मोडत. तेव्हा जालन्याच्या मिशनने टिकाऊ पंप बनवला, सोलापुरात तो आणखी सुधारला आणि त्या सोलापूर पंपावरून युनिसेफच्या मदतीने सत्तरच्या दशकात इंडिया मार्क टू तयार झाला. युगांडात तोच थोड्या फेरफाराने यू टू म्हणून चालतो. तो टिकला तो गावात दुरुस्ती करणारा मिस्त्री आणि पैसे जमवणारी समिती होती म्हणून.

माझी पद्धत अशी. गावात पोचल्यावर पहिले दोन दिवस हापशाचं नाव काढायचं नाही. मग समितीची वही बघायला मागायची. वही चालू असेल तर "कुठे अडलंय?" एवढंच विचारायचं. बहुतेक वेळा सुट्या भागांचा जुडगा किंवा मिस्त्रीची मजुरी पुरते. पाणी तांबडं येत असेल तर आम्लयुक्त पाण्याने लोखंडी पाइप गंजलेत का ते बघायचं. अशा पाण्यात चहा काळा पडतो आणि लोक तो हापसा सोडून देतात. पैसे द्यायचेच तर समितीच्या हाती, त्यांच्या वहीत नोंद करून. पाटी लावायची नाही. देणगीदारांना फोटो हवा असेल तर वहीचा पाठवा. पाटीशिवाय देणगी जमत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी आपल्या गावच्या सभागृहाला पंखे द्यावेत.

थोडक्यात सांगण्यासारख्या

जुन्या कपड्यांची गाठोडी नेऊ नका. वापरलेल्या कपड्यांचा तिथे मोठा बाजार आहे आणि त्यावर पोट भरणारी माणसं त्याच मंडळीत बसलेली असतात.

गाडीच्या खिडकीतून चॉकलेटं फेकणं तर बंदच करा. धाकटी पोरं तुडवली जातात.

बायका-मुली मोठ्यांपुढे गुडघे टेकून नमस्कार करतात. घाईने त्यांना उठवू नका आणि त्याचा फोटो तर अजिबात काढू नका. गुडघ्याखाली पोचेल असा स्कर्ट किंवा सलवार-कमीज मुलींना सोयीची पडते. मुलांनी हाफ पँट घालून मंडळीत जाऊ नये.

पाहुण्यासाठी कोंबडी कापली जाते. घरातली तेवढी एकच असू शकते. त्यासमोर बॅगेतून नूडल्स काढणं फार वाईट दिसतं. कुणी शाकाहारी असेल तर महिनाभर आधी कळवा. मातोके (शिजवलेली हिरवी केळी), पोशो (मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा), शेंगदाण्याची आमटी, राजमा, कसलीच ददात नाही. चपाती तर तिथे टपरीटपरीवर मिळते.

दुभाष्यासोबत बोलताना एक वाक्य बोला आणि थांबा. तीन मिनिटांचं भाषण एका दमात संपवून त्याच्याकडे बघू नका.

डॉलर जुने, चुरगळलेले किंवा लहान नोटांचे नेलेत तर भाव कमी मिळतो. नव्या, कोऱ्या, मोठ्या नोटा न्या.

एकट्याने बोडाबोडावर, म्हणजे भाड्याच्या मोटरसायकलवर, बसायचं नाही, रात्री तर नाहीच. हेल्मेट क्वचितच मिळतं.

"तुला शिकायला पैसे पाठवीन" असं कुणालाही सांगू नका. मुलं हे शब्द वर्षभर लक्षात ठेवतात आणि पाळकांना विचारत राहतात.

शेवटच्या दिवशी जिंजाला नाईल बघायला जाता तेव्हा पाण्यात उतरू नका, व्हिक्टोरिया सरोवरातही नाही. गोगलगायींमुळे पाण्यात वाढणारा बिलहार्झियाचा जंत कातडीतून शरीरात शिरतो. आपल्याकडे हा आजार इतका दुर्मिळ आहे की रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवीत तो १९५२ साली आढळला याचीच नोंद सांगितली जाते. त्यामुळे परतल्यावर पोट दुखलं किंवा शौचातून रक्त गेलं तर आपल्या डॉक्टरांच्या मनात तो पटकन येणार नाही, तुम्हीच सांगावं लागेल.

पिवळ्या तापाचं कार्ड

युगांडात शिरताना हे लागतंच, पण परतताना जास्त महागात पडतं. कार्ड नसेल तर भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. लस सरकारमान्य केंद्रातच मिळते, ठरावीक दिवशी, पासपोर्ट दाखवून, आणि ती घेतल्यावर दहा दिवसांनी कार्ड वैध होतं. म्हणजे शेवटच्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. एकदा घेतली की जन्मभर चालते. अंड्याची ॲलर्जी असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. मूळ कार्ड पासपोर्टसोबत हातातल्या पिशवीत ठेवा, सामानात टाकू नका.

मलेरियाच्या गोळ्या

"आपल्याकडेपण मलेरिया असतो, दादा, काही होत नाही." हे मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता त्यावर वाद घालत नाही, गोळीशिवाय जेवायला बसू देत नाही. तिथला फाल्सिपेरम मलेरिया काही दिवसांत जीव घेऊ शकतो आणि आपण इथे वाढलो म्हणून त्यापासून वाचत नाही.

एका टीममधला इंजिनिअरिंगचा मुलगा युगांडात रोज डॉक्सिसायक्लिन घेत होता. घरी पोचला आणि त्याने गोळ्या बंद केल्या, कारण पोटात जळजळ होत होती आणि "ट्रिप तर संपली". ही गोळी परतल्यावरही चार आठवडे घ्यायची असते, कारण यकृतातून रक्तात उतरायला परजीवी वेळ घेतात. दोन आठवड्यांनी त्याला थंडी वाजून ताप आला. पावसाळ्याचे दिवस, दवाखान्यात व्हायरल म्हणून गोळ्या दिल्या, मग डेंग्यूची तपासणी केली. युगांडाहून आलोय हे कुणी विचारलं नाही आणि त्याला सांगायचं सुचलं नाही. चौथ्या दिवशी त्याच्या आईचा फोन आला, तो डोळे उघडत नाही म्हणून. त्या रात्री रक्ताची तपासणी झाली, फाल्सिपेरम निघाला आणि मुलगा अतिदक्षता विभागात गेला. देवाच्या कृपेने तो वाचला. त्या माऊलीने दवाखान्याच्या जिन्यात बसून काढलेले दिवस मी विसरलो नाही.

म्हणून आता माझा नियम असा. गोळी कोणती ते प्रत्येकाच्या डॉक्टरांनी ठरवायचं, जाण्याच्या किमान महिनाभर आधी. डॉक्सी असेल तर भरल्या पोटी, पेलाभर पाण्याबरोबर, आणि उन्हात टोपी, कारण कातडी भाजते. तिथे रात्रीच्या जेवणानंतर टीमचा पुढारी वहीत नावापुढे खूण करतो. परतल्यावर ग्रुपवर प्रत्येकाने रोज रात्री हातातल्या गोळीचा फोटो टाकायचा, डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पुरे होईपर्यंत. एखाद्याचा फोटो आला नाही की मी त्याच्या घरी फोन करतो. मुलांना याचा कंटाळा येतो, आला तर येऊ द्या.

आणि विमानतळावरच प्रत्येकाला एक कार्ड देतो: "युगांडाहून अमुक तारखेला परतलो. ताप आल्यास त्याच दिवशी मलेरियाची तपासणी करा. पहिली निगेटिव्ह आली तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा करा." एक प्रत मुलाच्या पाकिटात, दुसरी त्याच्या आईकडे, कारण ताप चढल्यावर मुलगा स्वतः डॉक्टरांना काही सांगू शकेलच असं नाही. दोन्ही प्रती किमान तीन महिने जपायच्या. त्यानंतरही वर्षभरात ताप आला तर युगांडाचं नाव आधी घ्यायचं.