बीपीमुळे डिलिव्हरी लवकर झाली? चीक वाया घालवू नका
बीपी वाढून आठव्या महिन्यातच सिझर झालं की सगळे म्हणतात आता दूध कुठून येणार, पण उलट अशा आईच्या पहिल्या काही आठवड्यांच्या दुधात प्रोटीन आणि सोडियम जास्तच असतं, कमी दिवसाच्या बाळाला तेच लागतं. फक्त दूध उतरायला उशीर होऊ शकतो. म्हणून बाळ एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) असलं तरी जमलं तर पहिल्या तासाभरातच हाताने पिळायला घ्या, मग दर २-३ तासांनी, रात्रीसुद्धा (झोपमोड होते, माहितीये). पहिल्यांदा थेंबभरच चीक निघतो, तो स्वच्छ सिरिंजमध्ये घेऊन नर्सकडे द्या. बाळ दीड किलोच्या आत असेल तर डॉक्टर दुधात फोर्टिफायर (दुधाचं पोषण वाढवणारी पूरक पावडर) घालायला सांगतात, घाबरू नका. अगदीच कमी पडलं तर मिल्क बँकेचं (दुसऱ्या आयांनी दान केलेलं दूध) विचारा, मुंबईत सायन हॉस्पिटलात १९८९ पासून आहे.