समुद्रकाठ तापला म्हणून उष्णकटिबंधीय झाला का? या चुका टाळा

नवतप्यात चंद्रपूर ४५ च्या पुढे गेलं की आपण म्हणतो, उष्णकटिबंध तो हाच. उत्तर बरोबर, कारण चुकीचं. हवामानाचे प्रकार ठरवणाऱ्या कोपेनच्या वर्गीकरणात मेचा पारा नाही, सर्वांत थंड महिना बघतात. त्याची सरासरी किमान १८ अंश हवी. नागपुरात डिसेंबरात दुपारी जवळपास २८, पहाटे १३. बेरजेचे निम्मे साडेवीस. शेकोटी पेटवूनही आपण पास.

समुद्रकाठची शहरं तापून उष्णकटिबंधीय झाली, अशा बातम्यांत नेमकं हेच निसटतं. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सचा जुलै मुंबईसारखाच, चिकचिकीत. पण जानेवारीची सरासरी १२-१३. तिथला उन्हाळा कितीही तापला तरी ते उष्णकटिबंधीय ठरणार नाही. हिवाळाच पाचेक अंशांनी वर यायला हवा. उलट अमेरिकेतल्याच मायामीत जानेवारी २० च्या आसपास. १९७७ च्या जानेवारीत तिथे हिमकण भुरभुरले, तरी वर्ग बदलला नाही. कारण एका वर्षावर काहीच ठरत नाही, ३० वर्षांची सरासरी धरतात (सध्या बहुधा १९९१ ते २०२०).

याहून नडणारी चूक म्हणजे पाऊस न तपासणं. सौदी अरेबियातलं जेद्दाह समुद्रकाठी, जानेवारी २० च्या वर, तरी वाळवंटीच. वर्षाला १०० मिमीही पाऊस नाही. कोरडेपणाची चाळणी आधी लावायची, १८ ची नंतर.

आपल्याकडे ७० टक्क्यांहून जास्त पाऊस एप्रिल ते सप्टेंबरात पडतो. अशा ठिकाणी वार्षिक सरासरी तापमानाला २० ने गुणा आणि २८० मिळवा. २७ अंशांना कोरडेपणाची रेषा येते ८२० मिमी. पाऊस त्याखाली असेल तर निमशुष्क, निम्म्याच्याही खाली असेल तर वाळवंट. नागपूर सहज वर. अकोला-बुलडाण्याकडचा आकडा रेषेपाशीच घुटमळतो. आता गंमत बघा: तापमान १ अंशाने वाढलं की रेषा २० मिमीने वर चढते. पाऊस तेवढाच राहिला तरी गाव उष्णकटिबंधीय वर्गातून बाहेर पडू शकतं. तापणं म्हणजे दरवेळी उष्णकटिबंधाकडे जाणं नव्हे.

शाळेत स्वतः नोंदी घेणार असाल तर तापमापी टिनाच्या छपराखाली किंवा उन्हातल्या भिंतीवर टांगू नका; आकडा फुगतो. मोकळ्या जागी, जमिनीपासून सव्वा ते दोन मीटरवर, झडपांच्या पांढऱ्या पेटीत ठेवा. फक्त दुपारचा पारा लिहून चालत नाही. पहाटेचा किमान आकडा लिहायचा राहिला, तर डिसेंबरची सरासरी साडेवीसच्या जागी २८ दिसेल.