कमी पैशांत गेमिंग पीसी: आधी घरची लाईट बघा, मग पार्ट

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात पीसी जोडायचा तर प्रोसेसरच्या आधी घरातल्या लाईटचा विचार करावा लागतो. वळवाच्या दिवसांत लाईट जाते, येते, पुन्हा जाते. हा मार पहिल्यांदा एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, खातो. म्हणून पैसे कुठेही वाचवा, पण तिथे वाचवू नका.

कॅबिनेटसोबत जवळपास फुकट येणाऱ्या एसएमपीएसवर ४५० वॅट छापलेलं असतं. त्यावर विश्वास ठेवू नका, लेबल वाचा. १२ व्होल्टच्या खाली किती अँपिअर लिहिलेत ते बघून १२ ने गुणा. चांगल्या ४५० वॅटच्या एसएमपीएसवर ३५ ते ३७ अँपिअर दिसतात. १६-१८ दिसले, तर खरी ताकद जेमतेम २०० वॅट. असा पीसी ब्राउझर चालवताना ठणठणीत वाटतो, पण गेम सुरू होऊन ग्राफिक्स कार्डाने वीज ओढली की फटकन बंद पडतो. ८० प्लस ब्राँझ (वीज कमी वाया जाते याचा शिक्का), ४५० ते ५५० वॅट, आणि ग्राफिक्स कार्डासाठी ८ पिनची केबल, एवढं तरी हवंच.

अर्थिंगही तपासून घ्या. जुन्या घरांत तीन पिनचा सॉकेट असतो, पण आत अर्थची वायर जोडलेलीच नसते. मग एसएमपीएसमधल्या फिल्टरमुळे कॅबिनेटच्या पत्र्यावर करंट उतरतो आणि हात लावला की झिणझिण्या येतात. ते चालवून घेऊ नका, वायरमनला बोलवा.

घरात इन्व्हर्टर असेल तर त्यावरचं बटण ‘यूपीएस’ मोडवर ठेवा. साध्या मोडमध्ये लाईट गेल्यावर बॅटरीवर जायला जास्त वेळ लागतो आणि तेवढ्यात पीसी रीस्टार्ट होतो. वेगळा यूपीएस घेणार असाल, तर ६०० व्हीएवर प्रत्यक्षात ३००-३६० वॅटच मिळतात. खाली सांगितलेल्या पीसीला गेम सेव्ह करून बंद करण्यापुरते ते पुरतात.

आता मुख्य पार्ट. कमी बजेटमध्ये दोन रस्ते खरोखर कामाचे आहेत.

ग्राफिक्स कार्ड आत्ताच परवडत असेल, तर आय३-१२१००एफ प्रोसेसर, एच६१० मदरबोर्ड आणि आरएक्स ६६०० कार्ड. या ८ जीबीच्या कार्डावर १०८० पीवर (फुल एचडी) बहुतेक गेम नीट चालतात आणि ते साधारण १३२ वॅटच खातं. एकूण बजेटचा तिसरा हिस्सा किंवा थोडा जास्तच कार्डावर गेला तरी हरकत नाही. मात्र नावातल्या ‘एफ’चा अर्थ पक्का लक्षात ठेवा: या प्रोसेसरला स्वतःचं ग्राफिक्स नाही. कार्डाशिवाय स्क्रीनवर काहीच येणार नाही. एच६१० बोर्ड डीडीआर४ आणि डीडीआर५ अशा दोन्ही प्रकारांत येतो. एकाची रॅम दुसऱ्यात बसत नाही, तेव्हा बोर्डचं पूर्ण नाव वाचूनच रॅम घ्या.

कार्डासाठी पैसे पुढच्या वर्षी जमणार असतील, तर रायझन ५ ५६००जी प्रोसेसर आणि बी५५० बोर्ड. त्यातल्याच ग्राफिक्सवर व्हॅलोरंटसारखे हलके गेम चालतात. पण इथे ८ जीबीच्या दोन रॅम लागतात, १६ ची एक नाही. आतलं ग्राफिक्स रॅमच वापरतं आणि एकाच रॅमवर त्याचा वेग मार खातो. चार स्लॉट असतील तर प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवा. बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमला पूर्ण वेग देणारी सेटिंग, सुरू करायला विसरू नका, नाहीतर ३२०० ची रॅम कमी वेगानेच धावत राहते. पुढे कार्ड घेताना आरएक्स ६५०० एक्सटी टाळा. कार्ड आणि प्रोसेसर यांना जोडणाऱ्या पीसीआयई रस्त्याच्या फक्त चार लेनवर ते चालतं आणि ५६००जी तिसऱ्या पिढीच्या पीसीआयईवर अडकलेला असल्यामुळे त्याचा दम आणखी कमी पडतो.

तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या जुन्या आय५ चे सेट स्वस्तात मिळतात. मोह होतो, पण घेऊ नका. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ साठी अधिकृतपणे आठव्या पिढीचा इंटेल किंवा रायझन २००० किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो आणि विंडोज ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम २.० व सिक्युअर बूट या बोर्डमधल्या सुरक्षेच्या सोयीही हव्या असतात.

एसएसडी ५०० जीबीची एनव्हीएमई (थेट बोर्डवर बसणारी, वेगवान) घ्या. कॅबिनेट समोरून जाळीचं आणि धुळीचा फिल्टर असलेलं हवं, काचेचं तोंड नको. खानापूरकडची तांबडी धूळ आणि निपाणीकडची तंबाखूची भुकटी फॅनच्या पात्यांना चिकटून बसते. ब्रशने साफ करताना पातं बोटाने धरून ठेवा. जांबोटी-कणकुंबीकडे पावसाळ्यात पीसी आठवडेच्या आठवडे बंद ठेवू नका, रोज अर्धा तास तरी चालवा.

खरेदी बेळगावात करा की कोल्हापुरात, जीएसटी १८ टक्केच लागतो, म्हणून कराच्या आशेने सीमा ओलांडण्यात अर्थ नाही. पार्ट बिघडल्यावर दुकानदार स्वतः पाठवतो की कुरिअर तुमच्या माथी, हे मात्र आधीच विचारा. बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या. इंटेलचा बोर्ड उघडल्यावर सॉकेटच्या पिनांचा फोटो दुकानातच काढा, कारण वाकलेल्या पिनेवर गॅरंटी मिळत नाही.

कॅबिनेटमध्ये बसवण्याआधी बोर्ड त्याच्याच खोक्यावर ठेवून एकदा चालू करून बघा. डिस्प्ले आला नाही तर याच क्रमाने तपासा: प्रोसेसरजवळची ८ पिनची केबल लावली का, रॅम ‘कट्’ आवाज येईपर्यंत बसली का, कार्डाला वीज जोडली का. आणि कार्ड असताना मॉनिटरची केबल चुकून मदरबोर्डला तर नाही ना लावली?