टॉवरमध्ये जागेवाल्याचं पान कसं ठेवावं

लालबागची आमची चाळ पाडून तिथेच टॉवर झाला. तेव्हापासून वाडीतली पोरं फोन करून विचारतात, "काकी, आता जागेवाल्याचं पान ठेवायचं कुठे?" जागेवाला म्हणजे जागेची राखण करणारा देव, आणि पान म्हणजे अवसेला (अमावस्येला) त्याला ठेवायचा मान. म्हणून आमच्या घरची रीत लिहिते आहे.

आधी जागा बघा. गच्चीवर नको, पार्किंगच्या लादीवर नको. जागेवाला मातीचा धनी. त्याला खोली नंबर कळत नाही, हद्द कळते. कंपाउंडच्या भिंतीलगत उघडी माती उरली असेल तिथेच ठेवा. आमच्याकडे मागच्या गेटजवळचा वड वाचलाय.

माझा आजा सिंधुदुर्गातल्या आरवलीजवळचा. गिरणीत कामाला, राहायला गावकीच्या, म्हणजे गाववाल्यांनी मिळून घेतलेल्या खोलीत. तिथे वीसेक माणसं पाळीपाळीने निजत. दुसरी पाळी सुटून मध्यरात्री आला की पाण्याच्या टाकीमागून काठीची टकटक ऐकू यायची. नवीन पोरगं घाबरलं तर म्हणायचा, "काठी वाजता म्हणजे राखण चालू आसा. गप निजा." आरवलीच्या वेतोबाला, गावाच्या राखणदार देवाला, हातभर लांब वहाणा वाहतात आणि रात्री फिरून फिरून त्या झिजतात, हे बघत वाढलेली ती माणसं. चाळीतही कोणीतरी फिरतंय याचं त्यांना नवल नव्हतं. १९८२ च्या संपात अर्धी खोली गावी परतली, पण मागे राहिलेल्यांनी एकही अवस चुकवली नाही.

अवसेला दिवेलागण झाली की निघा. जागा हाताने साफ करा, पाणी शिंपडा. दोन विड्याची पानं, देठ झाडाकडे. त्यावर सुपारी आणि नाणं. बाजूला विडी आणि काडेपेटी. विडी पेटवू नका. वाळक्या पाचोळ्याला आग लागायला वेळ लागत नाही. दारू बाटलीच्या बुचाएवढीच, मातीवर सोडायची. नारळ वाढवलात तर त्याची भकलं उचलून आणा, तिथे कुजू देऊ नका. वर्षाची राखण, म्हणजे वर्षाचा मान, वेगळी. तिचा कोंबडा आम्ही घरीच शिजवतो.

मग गाऱ्हाणं. मोठ्याने घाला, लाजू नका:

"बा देवा म्हाराजा, ह्या जाग्याच्या धन्या, तुझ्या हद्दीत आज जी लेकरां आसत, गावची आसत, परमुलखातली आसत, सगळ्यांका सांभाळ. काय चुकला-माकला आसात ता पदरात घी. इडापिडा हद्दीभायर घाल."

"परमुलखातली" हा शब्द गाळू नका. आजा तो मुद्दाम घ्यायचा, कारण इथे आपणही परमुलखातूनच आलो.

गाऱ्हाणं एकट्याने घालू नये, "व्हय म्हाराजा" म्हणणारं कोणीतरी हवं. पहिल्या वर्षी माझ्यासोबत कोणीच नव्हतं. गेटवरचा वॉचमन, उत्तर प्रदेशातल्या बलियाकडचा, जवळ येऊन उभा राहिला. मला वाटलं, हटकणार. त्याने पानाकडे बघितलं आणि चपला काढल्या. म्हणाला, "हमारे गाँव में डीह बाबा हैं। वो भी ऐसे ही रखवाली करते हैं।"

आता अवसेच्या आधी तोच ती जागा झाडून ठेवतो. आणि मी गाऱ्हाणं घातलं की प्रत्येक ओळीला म्हणतो, "व्हय म्हाराजा."